जिल्हा परिषद शाळेत कृत्रिम बुद्धिमत्ता आधी कोणाच्या हाती द्यावी?

खडूफळा (धागाकर्ती)

मी खानदेशातील एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत तिसरी आणि चौथीचे वर्ग एकत्र शिकवते. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार हा विषय २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून तिसरीपासूनच्या अभ्यासक्रमात आणण्याचे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले. तेव्हापासून आमच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत हे मुलांना कसे शिकवायचे, एवढीच चर्चा होते. हे साधन शाळेत आधी कोणाच्या हाती असावे, हा त्याअगोदरचा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झाले आणि तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे व साधे गणित करता यावे, यासाठी त्याने ठरवलेली मुदतही २०२६-२७ हीच आहे. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांमध्ये तिसरीतील २३.४ टक्के मुलेच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. एकाच वर्षी एकाच वर्गात या दोन गोष्टी एकमेकींसमोर येणार आहेत. माझे मत असे की, प्राथमिक शाळेत हे साधन आधी शिक्षकाच्या हाती यावे, आणि तेही मुलाची चूक नेमकी कुठे होते हे शोधण्यासाठी यावे. मुलाने स्वतः करायचे काम त्याच्यासाठी करून देण्याकरिता ते वर्गात येऊ नये.

वजाबाकीचे उदाहरण देते. ५२ वजा १७ या गणिताचे उत्तर दोन मुलांनी ४५ लिहिले. पहिल्याने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला, म्हणजे सातातून दोन गेले पाच आणि पाचातून एक गेला चार. दुसऱ्याने एक दशक सुटे करून बारातून सात बरोबर वजा केले, पण दशकाच्या घरातील पाचाचे चार करायला तो विसरला. उत्तर एकच आहे, पण पहिल्याला दशक सुटे करण्याची कल्पनाच कळलेली नाही, तर दुसऱ्याला ती कळली असून फक्त मांडणी पक्की व्हायची आहे. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवावे लागतील. दुसऱ्याला वरचा अंक खोडून नवा लिहिण्याची सवय लावली की पुरे. उत्तरपत्रिकेवर मात्र दोघांनाही सारखीच फुली मिळते.

आता हीच मुले ६० वजा २८ करतील तेव्हा पहिल्याचे उत्तर ४८ येईल आणि दुसऱ्याचे ४२. म्हणजे कोणते गणित द्यायचे यावर चूक दिसणार की झाकली जाणार हे ठरते. मी एका चॅटबॉटला ‘हातच्याच्या वजाबाकीची दहा गणिते दे’ असे सांगितले, तेव्हा त्याने दिलेल्या दहांतील निम्म्याहून अधिक गणितांत या दोन चुका वेगळ्या निघत नव्हत्या. मग दोन्ही चुका त्याला वर्णन करून सांगितल्या आणि प्रत्येक गणितात दोघांची उत्तरे वेगळी यावीत अशी अट घातली, तेव्हा चांगला संच मिळाला. तरी प्रत्येक गणित मी स्वतः दोन्ही चुकीच्या पद्धतींनी सोडवून पाहिले. एरवी हे काम माझ्याकडून कधी झाले नसते, कारण दोन इयत्ता सांभाळताना त्याला वेळ उरत नाही. साधनाचा हा उपयोग मला खरा वाटतो, आणि मुलांच्या चुका मला आधीपासून ठाऊक होत्या म्हणूनच तो करता आला हेही तितकेच खरे आहे. ‘कसं केलंस, मला सांग बरं’ असे मुलाच्या शेजारी बसून विचारणे यातून सुटत नाही. उलट, कोणाच्या शेजारी आधी बसायचे हे त्यामुळे कळते.

आपापल्या शाळांतील अनुभव कृपया लिहावेत. केवळ भीती किंवा केवळ कौतुक नको, प्रत्यक्ष काय घडते ते हवे आहे.

पायवाट

धाग्याबद्दल आभार, मॅडम. मी उच्च प्राथमिक शाळेत पदवीधर शिक्षक आहे. आमच्याकडे या साधनाचा सर्वांत मोठा वापर कुठे होतो, तर वर्णनात्मक नोंदींत, आणि त्याविषयी कोणीच उघडपणे बोलत नाही.

शिक्षक नसलेल्या सदस्यांसाठी थोडे सांगतो. राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात गुण आणि श्रेणीबरोबरच प्रत्येक मुलाची विशेष प्रगती, आवड आणि सुधारणा आवश्यक असलेल्या बाबी शब्दांत नोंदवायच्या असतात. मागची कल्पना फार चांगली होती. पहिली घटक चाचणी, सहामाही, वार्षिक या ठोकळ्यांतून मूल सुटावे आणि शिक्षकाने वर्षभर त्याच्याकडे पाहत राहावे, असा तिचा हेतू होता. प्रत्यक्षात बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, त्यानंतर त्या पीडीएफ होऊन गटांवर फिरल्या, आणि आता एका आज्ञेसरशी चाळीस मुलांच्या चाळीस वेगवेगळ्या नोंदी शुद्ध मराठीत तयार होतात. ‘गणितातील मूलभूत क्रिया सहजतेने करतो’, ‘परिसर स्वच्छतेबाबत जागरूक आहे’, ‘गटकार्यात उत्साहाने सहभागी होते’. तपासणीला आलेले अधिकारी समाधानाने सही करतात, कारण पूर्वी एकाच वाक्याची नक्कल सगळीकडे दिसायची आणि आता प्रत्येक वाक्य निराळे दिसते.

मी या शिक्षकांना दोष देणार नाही. ऑनलाइन हजेरी, पोषण आहाराची रोजची माहिती, यू-डायस (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद), आधार जुळणी, नियतकालिक मूल्यांकन चाचणीचे गुण भरणे, निवडणुकीची कामे हे सारे करून प्रत्येक मुलाविषयी प्रत्येक विषयात नोंद लिहायची तर ती रात्री जेवणानंतरच लिहावी लागते. पण परिणाम काय झाला तो पाहिला पाहिजे. आपल्या उदाहरणातील दुसऱ्या मुलाविषयी ‘हातचा घेतो, पण दशक कमी करायला विसरतो’ ही एक ओळ पुढच्या इयत्तेच्या शिक्षकाला सोन्यासारखी आहे. यंत्राला ती लिहिता येणार नाही, कारण ते पाहिलेले कोणी त्याला सांगितलेलेच नाही. माझी मागणी अशी की, प्रत्येक मुलाच्या नोंदींची संख्या कमी करावी, वर्षातून दोन विषयांत प्रत्येकी दोनच ओळी मागाव्यात, पण त्या शिक्षकाने डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींच्या असाव्यात. मग भाषा सुधारून घेण्यासाठी कोणी यंत्र वापरले तरी हरकत नाही.

चाळकरी

मी शिक्षक नाही. माझी मुलगी महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीत आहे आणि त्या शाळेविषयी मला आपुलकी आहे. तरीही वरचे दोन्ही प्रतिसाद वाचून एक काळजी वाटली, ती मांडतो.

साधन आधी शिक्षकाच्या हाती, मुलांच्या हाती नंतर, हे ऐकायला योग्य वाटते. परंतु खासगी इंग्रजी शाळा थांबणार नाहीत. सीबीएसईने नववीसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय २०१९-२० मध्येच आणला. माझ्या भावाचा मुलगा तो विषय शिकून आता अकरावीला आहे. संगणकाच्या बाबतीत हेच झाले होते; आमच्या पिढीत सरकारी शाळेतली मुले महाविद्यालयात पोहोचली तेव्हा माऊस धरायला शिकत होती.

आणि मुलांच्या हाती ते नाही असे समजण्यातही अर्थ नाही. आमच्या घरात एकच फोन आहे, पण संध्याकाळी तो मुलीकडेच असतो. निबंध, पत्रलेखन, विज्ञानाच्या स्वाध्यायाची उत्तरे ती त्यावरून घेते हे मला माहीत आहे. शाळेने यात हात घातला नाही, तर तिला हे साधन वापरायला शिकवणारे कोणीच उरत नाही. ज्यांच्या घरी इंजिनिअर आई-वडील आहेत त्यांना ते घरी कळेल. आम्हाला फक्त शाळेचाच आधार आहे.

आकडेमोड

चाळकरी यांचा मुद्दा रास्त आहे आणि त्याला पुष्टी देणारा आकडाही आहे. ‘असर’ २०२४ नुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता; त्यांपैकी ५७ टक्क्यांनी मागील आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे प्रश्न फोन मिळण्याचा कमी आणि त्याचे काय करायचे याचा जास्त आहे. मी शिक्षणविषयक अभ्यास वाचत असतो, त्यांतील चार येथे मांडतो, कारण ते एकत्र वाचले तरच त्यांचा अर्थ लागतो.

पहिला बडोद्याचा आहे. गुजरात सरकारने २००० मध्ये तेथील महापालिकेच्या बहुतेक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते आणि त्यांतले फारच थोडे वापरात होते. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने ते चालू करून चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ दिले. खेळ मुलाच्या पातळीनुसार सोपे किंवा अवघड होत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मोजणीत गणितात भरीव वाढ दिसली, मात्र कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने तिचा बराचसा भाग ओसरला होता.

दुसरा दिल्लीचा, सरकारी शाळांतील सहावी ते नववीच्या मुलांवर ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय कार्यक्रमाचा, शाळेनंतरच्या केंद्रांत झालेला. कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी तो २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. सहावीतील मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती आणि वर्गात मात्र सहावीचेच पुस्तक चालू होते. संगणकाने प्रत्येकाला त्याच्या खऱ्या पातळीवरची गणिते दिली आणि साडेचार महिन्यांत चिठ्ठ्या टाकून निवडलेली मुले इतरांच्या स्पष्टपणे पुढे गेली. येथे एक बाब सहसा सांगितली जात नाही. दीड तासाच्या सत्रातील निम्मा वेळ संगणकासमोर जाई आणि उरलेला निम्मा वेळ लहान गटात एका शिकवणाऱ्या माणसाबरोबर.

तिसरा तुर्कस्तानातील, जवळपास एक हजार माध्यमिक विद्यार्थ्यांवर झालेला आणि आजच्या चॅटबॉटचा. गणिताचा सराव करताना साधा चॅटबॉट वापरणाऱ्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली, पण नंतर तो काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ती मुले चॅटबॉट कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. शिक्षकांच्या मदतीने तयार केलेला, उत्तर न देता फक्त सूचना देणारा दुसरा प्रकार वापरणाऱ्यांचे सरावातील गुण आणखी वाढले होते. परीक्षेत त्यांचे नुकसान जवळजवळ टळले, पण फायदाही दिसला नाही.

चौथा नायजेरियातील एडो राज्याचा, २०२४ चा. तेथे शाळा सुटल्यानंतर सहा आठवडे मुलांनी संगणकावर चॅटबॉटच्या साहाय्याने प्रामुख्याने इंग्रजीचा अभ्यास केला. शिक्षक खोलीत होते, काय विचारायचे हे ते सांगत होते, आणि निष्पत्ती चांगली आली.

यावरून ‘यंत्र चांगले’ किंवा ‘यंत्र वाईट’ असे काहीच ठरत नाही. जेथे यंत्राने मुलाला त्याच्या पातळीचे काम दिले आणि जवळ शिकवणारे माणूस होते, तेथे लाभ झाला. जेथे यंत्राने काम करून दिले, तेथे मूल मागे गेले. चाळकरी यांची मुलगी घरी एकटीने वापरते तो दुर्दैवाने तुर्कस्तानातील पहिला प्रकार आहे, म्हणून शाळेने सहावी-सातवीपासून यात पडले पाहिजे हे मला पटते. युनेस्कोने २०२३ च्या मार्गदर्शिकेत वर्गातील स्वतंत्र वापरासाठी १३ वर्षे ही किमान वयोमर्यादा सुचवली आहे, तीही साधारण येथेच येते.

बोलीसाठी

मी आवाज ओळखणाऱ्या संगणकप्रणालींवर काम करते आणि मूळची वऱ्हाडातील आहे. वरील चर्चेत वाचनाचा मुद्दा राहून गेला.

मुलाने मोठ्याने वाचायचे, यंत्राने ऐकायचे आणि अडलेला शब्द दाखवायचा, ही अ‍ॅप्स मराठीतही उपलब्ध आहेत. एका शिक्षकाला तीस मुलांचे वाचन रोज ऐकणे शक्य नसते, त्यामुळे कल्पना मोलाची आहे. अडचण अशी की, या प्रणाली ज्या आवाजांवर तयार होतात त्यांत मोठ्या माणसांचा, शहरी आणि प्रमाण उच्चारांचा भरणा असतो. वऱ्हाडात आणि खानदेशात अनेक घरांत ‘ळ’चा उच्चार ‘य’ होतो. मूल पुस्तकात ‘शाळा’ पाहते, ओळखते, अर्थही जाणते आणि ‘शाया’ असे वाचते. गुरुजींच्या दृष्टीने ते वाचन बरोबर आहे, यंत्राच्या दृष्टीने चूक. असे चार-पाच वेळा झाले की मूल वाचायचेच थांबवते, आणि अहवालात मात्र ‘वाचन पातळी कमी’ अशी नोंद जाते. मेळघाटात ज्यांची घरची भाषा कोरकू आहे, किंवा गडचिरोलीत ज्यांची गोंडी आहे, त्या मुलांचा प्रश्न याहून खोल आहे, कारण ती भाषाकुलेच वेगळी आहेत आणि पहिलीत मराठी हीच त्यांना नवी असते.

यावर तांत्रिक उपाय आहेत. त्या त्या भागातील मुलांचे आवाज पालकांच्या संमतीने नोंदवावे लागतील, बोलीतील उच्चार चूक न धरता स्वीकारण्याची सोय ठेवावी लागेल, आणि यंत्राचा निर्णय शिक्षकाला एका स्पर्शाने बदलता आला पाहिजे. ‘भाषिणी’सारखा सरकारी उपक्रम २०२२ पासून भारतीय भाषांसाठी काम करतो आहे, त्यात जिल्हा परिषद शाळांतील मुलांच्या वाचनाला स्वतंत्र स्थान मिळावे असे मला मनापासून वाटते. ही व्यवस्था होईपर्यंत या अ‍ॅप्सचा उपयोग सरावासाठी करावा, मूल्यमापनासाठी मुळीच करू नये.

खडूफळा (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. बोलीसाठी ताई, आमच्या वर्गात अहिराणी बोलणारी मुले ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतात, त्यामुळे आपले म्हणणे मला लगेच उमगले.

चाळकरी दादा, आपली काळजी मला मान्य आहे आणि माझ्या पहिल्या लेखनातील भूमिका मी प्राथमिक इयत्तांपुरतीच मांडली होती. सातवीच्या वर्गात मी हे साधन शिक्षकाच्या समोर, सर्वांनी मिळून वापरले असते. निबंध आधी मुलीने स्वतः लिहावा, मग त्याच विषयावर यंत्राने लिहिलेला वाचावा आणि त्यात कोणती गोष्ट खोटी किंवा उसनी वाटते हे वर्गाने शोधावे. ‘आमच्या गावचा पोळा’ या विषयावर यंत्र जे लिहील त्यातील कोणत्या गोष्टी आमच्या गावात घडतच नाहीत, हे मुले चटकन सांगतील. त्यासाठी तीस टॅबलेट लागत नाहीत, एक फोन आणि एक फळा पुरतो. तिसरीतील नव्या विषयाचाही मोठा भाग संगणकाशिवाय करता येतो. परिसर अभ्यासात पानांचे गट पाडताना मुलांनीच नियम ठरवायचे आणि कोणते पान त्या नियमात बसत नाही ते पाहायचे, हे वर्गीकरणाचे शिक्षण आहे.

एकत्र वर्गांच्या नियोजनातही मला खरी मदत झाली. चौथीला मी शिकवत असताना तिसरीने वीस मिनिटे स्वतः काय करावे, हा दोनशिक्षकी शाळेचा रोजचा पेच असतो. पाठ्यपुस्तकातील उतारा देऊन त्यावर तीन पातळ्यांचे प्रश्न मागितले, तर ते बऱ्यापैकी मिळतात. मराठी मात्र अनेकदा बोजड येते आणि कधी कधी उताऱ्यात नसलेली माहिती प्रश्नात घुसते, त्यामुळे वाचल्याशिवाय फळ्यावर काही लिहायचे नाही.

वह्यांच्या छायाचित्रांबाबत विशेष सांगावेसे वाटते, कारण शिक्षक मित्र ती सर्रास चढवत आहेत. वहीवर मुलाचे नाव, शाळेचे नाव, कधी आधार क्रमांकही असतो. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती घेण्याची तरतूद त्यात आहे. मी नाव झाकते, किंवा त्याहून सोपे म्हणजे चूक स्वतः टाइप करते. चूक टाइप करताना ती आपल्याला नीट पाहावी लागते, हा त्यातला आणखी एक लाभ.

जुना केंद्रप्रमुख

आकडेमोड यांनी बडोद्यातील वापराविना पडलेल्या संगणकांचा उल्लेख केला, तेव्हा लिहावेसे वाटले. सेवेत असताना मी माझ्या केंद्रातील शाळांत लोकवर्गणीतून आणि योजनांतून आलेले संगणक, प्रोजेक्टर, टॅबलेट पाहिले. काही शिक्षकांनी त्यांचे सोने केले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याच्या कामासाठीही होता आणि त्याची सुरुवात जिल्हा परिषदेच्या शाळेतच झाली. पण पुष्कळ ठिकाणी वस्तू कपाटात गेली, कारण बॅटरी बदलायला पैसे नव्हते, वीजबिल थकले होते, किंवा ते चालवणाऱ्या शिक्षकाची बदली झाली होती. वस्तू खरेदीसाठी निधी येतो आणि दुरुस्तीसाठी येत नाही. सादिल (किरकोळ खर्चाचा निधी) आणि संयुक्त शाळा अनुदान यांत खडू, झाडू, किरकोळ दुरुस्ती आणि वीज भागवता भागवता शेवट होतो.

म्हणून मॅडमना माझी सूचना अशी की, शिक्षण परिषदेत हा विषय मांडताना साधनाची मागणी शेवटी ठेवावी. आधी एक तास फक्त मुलांच्या चुकांवर घ्यावा. प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील तीन चुकीची उत्तरे आणावीत, ती कशी आली असतील याचा अंदाज सर्वांनी सांगावा, आणि तेथेच एका फोनवर त्या चुका वेगळ्या काढणारी गणिते तयार करून पाहावीत. ‘तीनशे पाच’ अंकांत लिही म्हटल्यावर ३००५ लिहिणारी मुले प्रत्येक शाळेत सापडतील, तेथून सुरुवात करता येईल. असा तास केंद्रप्रमुखांना परिषदेत ठेवता येईल. तरीही कोणाला अडचण आली तर मला येथे निरोप द्यावा, परिषदेच्या दिवशी मी स्वखर्चाने येईन.